पूजेतला पाना

त्या चाकांवरच्या घराचं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या ह्यांनी बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते घेतलं, जीपमागे जोडून ओढायचं. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, खिडकीला पडदा. सांगलीकडे राहणाऱ्या माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती हरखूनच गेली. "मला त्यातनं एकदा नरसोबाच्या वाडीला न्या," म्हणाली आणि पलंगाच्या मापाची गोधडी शिवायला बसली.

गोधडी शिवून झाली, घर काही हललं नाही. उमरोळीला ओळखीच्यांच्या वाडीत ते उभं असायचं. खाऱ्या वाऱ्याने ब्रेक गंजतात म्हणून हे सारखे तिकडे जायचे. चाकं काढायचे, बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचे, तळहातावर ग्रीस घेऊन त्यात दाबून दाबून भरायचे. मग चाक फिरवून कान लावायचे. "अजून जरा आवाज येतोय. पुढच्या महिन्यात बघू." अहो, उभ्या गाडीच्या चाकाला कसला आवाज? माझं बोलणं कधी इतकं कान देऊन ऐकलं नाही!

शेवटी एकदाचं दसऱ्याला निघायचं ठरलं. खंडेनवमीला ह्यांनी ब्रेक साफ केले. एक चाक बसवायचं राहिलं होतं, पण पूजेची वेळ झाली म्हणून पाने, पकडी, ग्रीसगन सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. तेवढ्यात भावाचा फोन आला. आईने अंथरूण धरलं होतं. सारखी विचारत होती, गाडी निघाली का.

"ते चाक बसवा आणि चला," मी म्हटलं.

"मांडलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. कारखान्यात कधी लावला नाही, आता लावू?"

वाडीवाले काकासुद्धा म्हणाले, "लावा वो चाक. देव काय रागावनार नाय." पण हे ढिम्म. नुसत्या जीपने चला म्हटलं, तर म्हणे, "आई ह्या घराची वाट बघतायत, रिकामे जाऊन काय करू? एका रात्रीत काय होतंय?" सणाच्या एस.टी.त जागा नव्हती. इतकी चिडले होते मी, की तो पाट उचलून विहिरीत टाकावा असं वाटलं.

सकाळी पूजा उचलून चाक बसवलं आणि निघालो. जिथे चहाला थांबू तिथे हे खाली उतरून चाकाच्या मधोमध हात लावून बघायचे. "बघ, जरासुद्धा तापलं नाही," असं कौतुकाने सांगायचे. सातारा सोडला आणि भावाचा फोन आला. आई गेली होती.

पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आईच्या अंगावर तीच गोधडी होती. मी धावले. मागे वळून पाहिलं, तर हे वाकून चाकाला हात लावत होते.

भाऊ हळूच म्हणाला, "दाजी, आई हिकडं हाय."