दिवस वाटणारी रेहाना

मोबाइलवर रेहानाचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखंच म्हटलं, "बोला टीव्हीवाल्या बाई, आज काय खबर?" पलीकडे तिची मुलगी होती. "खाला, अम्मी सकाळी गेली..." हृदयाचं दुखणं होतं, ते तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. जन्मभर गावाच्या बातम्या देणाऱ्या बाईनं स्वतःचीच बातमी दडवून ठेवावी, याचा मला अजून राग आहे.

आमच्या लहानपणी कळमनुरीला स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता, असं सांगितलं तर आताची पोरं विश्वास ठेवत नाहीत. रेहानाचे वडील हमीदचाचा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि गावातली केबलही त्यांचीच. रविवारी सकाळी ते आपल्या नऊ-दहा वर्षांच्या लेकीला कॅमेऱ्यासमोर बसवायचे. स्टुडिओत सगळा लग्नाचाच थाट... मागे काश्मीरच्या तळ्याचा पडदा, बसायला नवरानवरीची लाल मखमली खुर्ची. तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून ती ते सारखे हलवत राहायची. कोडी, गाणी, कुणाच्या शेळीला तीन पिल्लं झाली त्याची बातमी, आणि शेवटी वाढदिवस. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायला आम्ही शेजाऱ्यांच्या ओसरीत दाटीवाटीनं बसायचो.

एका वर्षी एक जून रविवारीच आला आणि घोळ झाला. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी बिनदिक्कत एक जून लिहायचे. त्यामुळे निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी! नावं वाचता वाचता रेहाना घामाघूम झाली आणि शेवटी भडकली. "ही समदी लेकरं एकाच दिवशी काहून जल्मली? बाकीच्या दिवशी सुईणीला सुट्टी व्हती का?" घराघरात लोक पोट धरून हसले. पण तिनं फर्मानच काढलं, "आपापल्या आईला इचारून या. खरा दिवस सांगा, तवाच नाव घेईन."

मला रडूच फुटलं. आमच्या घरी मेंढरं, आणि पाच बहिणींत मी शेवटची. आई म्हणाली, "मेंढरं कातरून राहिलो व्हतो, तवा तू झाली. दिस कोन ध्यानात ठिवते?" चार पोरींच्या पाठीवर आलेल्या पाचवीचा दिवस लक्षात ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती, एवढं मला त्या वयातही कळलं. डोळे पुसत रेहानाकडे गेले, तर ती म्हणाली, "मंग तुला पाहिजे तो घे की!" मी संक्रांतीचा दुसरा दिवस मागितला. घरात तिळगूळ शिल्लक असतो म्हणून. पुढच्या रविवारी तिनं खुर्चीतून तो जाहीर करून टाकला. आईनं कपाळाला हात लावला. "अगं, ती कर असते! करीला कोन चांगलं काम करते?" पण टीव्हीवर सांगितलेलं आता मोडणार कोण? तेव्हापासून दर करीला आई पुटपुटत का होईना, मला ओवाळायला लागली. माझ्यासारखी आणखी किती तरी पोरं स्वतःचा दिवस मागायला त्या खुर्चीपाशी यायची, आणि ती उदार मनानं देऊन टाकायची. पुढे लग्न होऊन ती नांदेडला गेली, तरी करीच्या सकाळी तिचा फोन कधी चुकला नाही.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला कळमनुरीला गेले. तिची आई आता थकली आहे, आवाज मात्र खणखणीत. बोलता बोलता मी विचारलं, "चाची, तिनं आम्हा सगळ्यांना दिवस वाटले. तिचा स्वतःचा कोणता?"

म्हातारी डोळे पुसता पुसता हसली. "एक जून! दवाखान्यात झाली ती, तारीख बराबर पक्की. म्हनून तर चिडली व्हती. 'माह्या एकटीचा दिस समद्यांनी नेला,' म्हनत घरी येऊन रडली."

आणि त्या एवढ्या नावांत तिनं स्वतःचं नाव घेतलंच नव्हतं. दुःखाच्या घरात मी मोठ्यानं हसले, आणि मग हुंदकाही आवरेना.

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख आजही एक जूनच आहे. त्या दिवशी सकाळपासून शुभेच्छा येत राहतात आणि मी सगळ्यांचे आभार मानते. यंदा मात्र कुणी पाठवू नका. तो दिवस रेहानाच्या एकटीचा आहे.