माजी विद्यार्थिनींना मंगळवारी प्रवेश

मला पदवी मिळाली त्या दिवशी एका पागोटेवाल्या गृहस्थांनी व्यासपीठावरून सांगितलं, की या विद्यापीठाचे दरवाजे तुम्हाला जन्मभर उघडे आहेत. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पुढे त्या दरवाजांशी माझा जो संबंध आला, त्यावरून एवढंच म्हणते, की त्या गृहस्थांनी ते दरवाजे फक्त आतूनच पाहिले असावेत. विद्यापीठाचं नाव मी घेत नाही. तेवढा मान माझ्या मनात उरलेला नाही.

माझे वडील मुरबाड तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. माणूस हट्टी. मुलगी हुशार आहे म्हटल्यावर त्यांनी मला वसतिगृहात ठेवून बी. ए. केलं. लग्न होऊन मी शहापूरला आले आणि तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. नवरा मामलेदार कचेरीत कारकून. लढाई सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची ही गोष्ट. त्या काळात शहापुरात बी. ए. झालेली बाई म्हणजे जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत आणि बघून झाल्यावर निघून जात.

मामा मात्र काम घेऊन आला. त्याचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. भाताची झोडणी उरकून, दीड दिवस चालत तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "गार्डानं गुरं अडवली गो."

"कुठे?"

"म्हशाच्या वाटंवर. म्हनतो, ही वाट सरकारी जंगलातली, हितून गुरं न्यायची नाय. आमी म्हनलं, आजापंजापासून जातोय. तर म्हनतो, कागद दाखवा. चार बैल कोंडवाड्यात घातलेन."

म्हसा गावची जत्रा पौषात भरते. गुरांचा मोठा बाजार तोच. मामाच्या गावाहून जंगलातल्या वाटेने म्हसा सकाळी निघून दुपारला गाठता येतं. ती वाट बंद झाली, तर मुरबाडच्या सडकेला वळसा घालून गुरं दोन दिवस चालवायची.

"आमच्याकडं कुटला कागद?" मामा म्हणाला. "कागद तू शिकलीस ना?"

आमच्या शेजारी एक पेन्शनीतले कारकून राहत. त्यांनी पान जुळवत सांगितलं, की जंगल राखीव केलं तेव्हा प्रत्येक गावाच्या गुरांच्या वाटांची यादी झाली होती. ती इंग्रजीत छापली होती, नकाशासकट. कचेरीतली प्रत वाळवीने खाल्ली. तिचा भुगा त्यांनी स्वतः झाडला होता. "पण असल्या पुस्तकांची एकेक प्रत विद्यापीठात जायची," ते म्हणाले. "तुम्ही तर तिथल्याच."

मी तिथलीच! मला इतका आनंद झाला की काय सांगू. शिकल्याचा कोणाला तरी उपयोग होणार, असं पहिल्यांदाच वाटलं. येत्या बुधवारी शाळेला सुटी होती. मी पेटीतून पदवीचं प्रमाणपत्र काढलं, मामाला बरोबर घेतलं आणि आसनगावला गाडी धरली.

ग्रंथालयाच्या दारात पट्टेवाल्याने अडवलं, त्याने आत एका मदतनिसाकडे पाठवलं आणि मदतनिसाने ग्रंथपालांकडे. सोनेरी काड्यांचा चष्मा, बंद गळ्याचा कोट. हंड्यावर बसलेल्या नागाचं मोहरांवर असतं तसलं प्रेम त्यांचं पुस्तकांवर होतं.

"आपण कोण?"

"माजी विद्यार्थिनी."

"माजी," ते म्हणाले. कचेरीतला कारकून 'मयत' म्हणतो त्या सुरात.

मी पुस्तकाचं सांगितलं. पुस्तक आहे, ते म्हणाले. यादीत बघून कपाटाचा क्रमांकही सांगितला. पण माजी विद्यार्थ्यांना वाचायचं असेल तर अर्ज करावा लागतो. अर्जाला कॉलेजच्या प्राचार्यांची शिफारस लागते. अर्ज समितीपुढे जातो. आणि स्त्रियांचा कक्ष मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडतो. आज बुधवार.

"मी शहापूरहून आले आहे," मी म्हटलं. "एकच पान बघायचं आहे."

"पाहुणे म्हणून आत फिरता येईल. इमारत पाहण्यासारखी आहे. पुस्तकांना हात लावायचा नाही."

"आणि हे माझे मामा?"

त्यांनी मामाच्या गुडघ्यापर्यंतच्या धोतराकडे पाहिलं. "पाहुण्यांना मनाई नाही," ते नाइलाजाने म्हणाले.

असे आम्ही दोघं आत गेलो. उंच छत, रंगीत काचा आणि भिंतीभर कुलूपबंद कपाटं. मामाला अक्षर येत नव्हतं आणि मी तर पदवीधर. पण त्या दिवशी विद्यापीठाने आम्हाला एका ओळीत बसवलं. दोघांनाही पुस्तकं बघायची परवानगी, वाचायची नाही. मामाला त्यात नवीन काही नव्हतं. मला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटत होती.

काचेला नाक लावून मामाने विचारलं, "ही समदी कोंडलेली?"

"हो."

"सोडवायला कोन येत नाय?"

वाचनाच्या मेजांवर त्या वेळी तीन माणसं होती. त्यातला एक झोपला होता.

अर्ज केला. प्राचार्यांनी उत्तर पाठवलं, की या नावाची विद्यार्थिनी त्यांना आठवत नाही. खरंच होतं. पदवी माहेरच्या नावावर, अर्ज सासरच्या. विद्यापीठाच्या हिशेबी पदवी मिळवलेली मुलगी कुठे तरी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी एक अनोळखी बाई उपटली होती. मग लग्न झाल्याचा दाखला पाठवला. त्यावर पत्र आलं, की विवाहित अर्जदार स्त्रीने पतीची लेखी संमती जोडावी. बायकोने ग्रंथालयात बसून वाचावं यास माझी हरकत नाही, असं लिहिताना नवऱ्याला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. चार वर्षं घासून मिळवलेल्या पदवीपेक्षा त्याच्या दोन ओळींचं वजन जास्त भरत होतं आणि तो आपला हसत होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

या सगळ्यात त्या सालची जत्रा येऊन गेली. मामाच्या गावाने गुरं सडकेने नेली. शेतातले बैल, खुरांना नाल नाहीत, आणि नव्याने खडी टाकलेली सडक. मामाचा तांबडा बैल मुरबाडच्या अलीकडेच लंगडू लागला. म्हशात लंगड्या बैलाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला तसाच परत चालवत आणला आणि पंधरा दिवसांनी तो गोठ्यात मेला. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. शिकलेल्या भाचीचं काम सावकाश चालतं, अशी त्याची समजूत होती. मला त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पावसाळा सरता सरता समितीची कृपा झाली. प्रवेशपत्रिका आली. मी शाळेतून रजा घेतली आणि एका मंगळवारी एकटीच गेले.

स्त्रियांचा कक्ष म्हणजे जिन्याखालची फळ्यांनी आडोसा केलेली जागा. मोडक्या खुर्च्यांची चळत, एक मेज आणि नाक उडालेला कुणा देणगीदाराचा संगमरवरी अर्धपुतळा. बाहेर इतक्या महिन्यांच्या अर्जविनंत्या, आणि आत ही अडगळ! कोणापासून जपत होते ही जागा, देव जाणे. दोन तासांनी पट्टेवाल्याने पुस्तक आणून ठेवलं. जाडजूड, कोरं करकरीत. मी उघडायला गेले तर उघडेना.

त्या काळी काही पुस्तकं अशी यायची. मोठा कागद छापून, घडी घालून शिवलेला. घडीची कड वाचणाऱ्याने पहिल्या वेळी स्वतः कापायची. या पुस्तकाची एकही कड कापलेली नव्हती. पन्नास वर्षं ते त्या कपाटात होतं आणि पन्नास वर्षांत एकाही विद्वानाने त्याचं एक पानसुद्धा उलटलं नव्हतं. हेच पुस्तक मला दाखवू नये म्हणून पाच पत्रं आणि एक समिती खर्ची पडली होती.

मी पट्टेवाल्याकडे चाकू मागितला. तो घाबरला. "साहेबांना विचारावं लागंल, बाई. साहेब जेवायला गेल्यात."

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याने कड फाडायला सुरुवात केली. कागद करकरत फाटत होता. पट्टेवाला तोंडावर हात ठेवून बघत राहिला. शेवटी त्यालाही राहवेना. "खालची घडी राहिली," तो हळूच म्हणाला.

तिसऱ्या घडीत मुरबाड तालुका निघाला. गावांची नावं इंग्रजी अक्षरांत वेडीवाकडी लिहिलेली, पण ओळखता येत होती. मामाचं गाव सापडलं. त्यापुढे वाट, ओढ्याचं नाव, म्हसा, आणि गुरांना बारमाही जाण्यायेण्याची मुभा. मी ती ओळ तीनदा वाचली. मग वहीत उतरवून घेतली आणि नकाशा पातळ कागदावर गिरवू लागले. तेवढ्यात ग्रंथपाल आले.

"हे काय केलंत?"

"वाचलं."

"ही प्रत पन्नास वर्षं जशीच्या तशी होती!"

"तेच तर," मी म्हटलं. "लाज वाटायला हवी."

असं मी कुणाशी आयुष्यात बोलले नव्हते. त्यांचा आवाज चढला, झोपलेले वाचकसुद्धा जागे झाले असतील. त्यांनी माझी प्रवेशपत्रिका काढून घेतली. विद्यापीठाच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल माझ्यावर लेखी कारवाई होईल, म्हणाले.

"लेखीच करा," मी म्हटलं. "आणि कुठली पानं ते नीट लिहा. उद्या सगळं पुस्तक माझ्या नावावर नको."

पुढे लोकांना मी सांगत असे, की मला तेव्हाच युक्ती सुचली होती. खोटं आहे ते. मी फक्त भांडत होते. गाडीत बसल्यावर रडलेसुद्धा, कारण त्या ग्रंथालयात आणखी काय काय वाचायचं मी मनात धरलं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. जाड कागद, वर विद्यापीठाची मुद्रा, खाली सही आणि गोल शिक्का. सदर बाईने एका धातूच्या वस्तूने अमुक ग्रंथाची पानं फाडून उघडली. पुढे पानांचे आकडे आणि प्रत्येक पानावर काय आहे त्याचा तपशील. मुरबाड तालुक्यातील गावांच्या गुरांच्या वाटा, राखीव जंगलातून मुभा असलेल्या, गावांच्या नावांसह. सबब सदर बाईचं नाव वाचकांच्या यादीतून कायमचं कमी करण्यात येत आहे.

नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं. तो कचेरीतला माणूस. कागदाची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायची. "अगं," तो म्हणाला, "हा तर दाखलाच दिलाय त्यांनी!" त्या दिवशी मी त्याला मागचं हसणं माफ केलं.

मुरबाडला जंगलखात्याचा रेंजर मुक्कामाला आला तेव्हा मी आणि मामा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो. माझी वहीतली नक्कल त्याने बोटाच्या टोकाने परत सरकवली. "हे काय, कोणीही लिहील. बायकांनी वहीत लिहिलेलं सरकार मानत नाही."

मी पत्र पुढे केलं. शिक्का दिसताच तो खुर्चीत ताठ झाला. मजकूर त्याने नंतर वाचला. मी गुन्हेगार ठरले आहे हे त्याच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही; आलं असलं तरी त्याला त्याचं काही नव्हतं. खरी ओळ, जी मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आणली होती, ती त्याला कचरा. आणि माझी बेअब्रू करणारा कागद पवित्र, कारण त्यावर गोल शिक्का. ग्रंथपाल आणि रेंजर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण एका आईची लेकरं शोभली असती.

"विद्यापीठाने कळवलंय म्हणजे असणारच," रेंजर म्हणाला आणि गार्डाला हुकूम लिहून दिला.

त्या पौषात मी मुद्दाम रजा काढून मामाबरोबर त्या वाटेने गेले. वाट म्हणजे काय, दोन करवंदीच्या जाळ्यांमधली धूळ, मध्ये ओढा आणि पलीकडे चढ. तीसेक गुरं, सातआठ माणसं. नाक्यावर तोच गार्ड उभा होता. मामाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरांना 'हाऽ हाऽ' करत तो पुढे गेला. मीही तेच करायचं ठरवलं होतं, पण मला जमलं नाही. मी मान वळवून त्याला चांगलं निरखून पाहिलं. पायात फाटके जोडे, हाताशी शिळी भाकरी. त्याचा मला फारसा राग आला नाही.

दुपारी म्हशाला पोचलो. मामाने जोडी उभी केली. संध्याकाळपर्यंत चार गिऱ्हाइकं आली, रुमालाखाली बोटं धरून सौदे झाले आणि मोडले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा बैलांच्या गळ्यात कासरे अडकवून निघायच्या तयारीत.

"विकले नाहीस?"

"नाय गो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बरं नाय वाटलं. माज्या बैलांना मारील असा दिसला. पुढल्या साली बघू."

आणि जोडी हाकत तो आल्या वाटेने घरी निघाला.