माझ्याच घराची शुद्धी

पूजेसाठी वायर मीच ओढून दिली होती. वरच्या मजल्यावरची लाइन सकाळपासून गेली होती. भाडेकरूच्या बायकोने जिन्यातून हाक मारली, "काकू, भटजी येऊन बसलेत, काहीतरी करा ना." मी आमच्या मीटरवरून वायर टाकली. खालच्या खुर्च्या वर पाठवल्या. अंगणातली फुलं तोडून दिली.

पूजा उरकत आली असेल असं वाटलं, तशी मी वर गेले. बोलावणं नव्हतं, पण घरमालकिणीने जावं एवढी रीत मला कळते. दाराबाहेर चपला काढल्या. आत भटजी आंब्याच्या डहाळीने गोमूत्र शिंपडत खोल्याखोल्यांतून फिरत होते. ती बाई लगबगीने आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"काकू, आत नका येऊ. सगळं पुन्हा करावं लागेल."

मी विचारलं, पुन्हा म्हणजे काय? तिने मागे भटजींकडे पाहिलं. भटजी मला ओळखत नव्हते. कामवाली समजले असावेत. त्यांनी सरळ सांगितलं, "वास्तूची शुद्धी करून राहिलो, बाई. घर घेतलं तेव्हा या लोकायले मालूम नव्हतं. जयभीमवाल्याचं निघालं."

वाळवी निघाली म्हणावं तसं.

गल्लीतल्या बायका माझ्याच खुर्च्यांवर बसल्या होत्या. खुर्च्या ओल्या दिसत होत्या. बायका बसण्याआधी त्यांच्यावरही शिंपडून झालं होतं. कुणी मोबाइलमध्ये तोंड घातलं, कुणी पदर नीट केला. त्या बाईने कागदावर प्रसाद आणला. माझा हात पुढे झाला होता. तिने कागद उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवला आणि बोटाने थोडा माझ्याकडे सरकवला.

मी तो उचलला नाही. खाली आले आणि वायर काढली. वरचे पंखे थांबले. भटजींचा आवाजही थांबला.

माझे वडील करडी गावात ज्यांच्या धानाच्या बांधीत राबले, त्यांच्या ओसरीवर त्यांना कधी चढता आलं नाही. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका, नवरा लाइनमन. दोघांच्या पगारातून लाखनीला हायवेपासून आत हे घर बांधलं. वरचा मजला भाड्यासाठी. दलाल म्हणाला होता, नावाची पाटी सध्या लावू नका. पाटी वाचून परत फिरणारी माणसं मी पाहिली होती, म्हणून लावली नाही. मग हे साहेबांचं कुटुंब बदलीवर आलं. करारावर साहेबांनी घाईत, नाव न वाचताच सही केली. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे पांढऱ्या साड्यांतल्या बायका वंदनेला जमल्या आणि वरच्यांना काय ते कळलं. घर सोडून जावं असं त्यांना वाटलं नाही. हवा चांगली होती, पाणी चोवीस तास होतं. त्यांनी भटजी बोलावला.

मी घर रिकामं करायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दलाल दारात.

"बाई, काहून डोकं तापवता? थोडंसं शिंपडलं त तुमचं काय झिजलं? सायब मानूस आहे, भाडं टायमावर देते. हे गेले त वरचं रिकामं राहीन. आन् तुमच्या लोकायले देलं त मंग दुसरं कोनी येनारच नाही."

मी म्हटलं, तुमचं कमिशन तुम्हाला मिळालं, आता जा.

नवरा धास्तावला. भाडेकरू कोर्टात गेला तर वर्षं जातात, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं. मी करार पुन्हा वाचला, वकिलाकडून महिन्याची नोटीस काढली, रजिस्टर पोस्टाने वर पाठवली. एकाच घरात, पोस्टाने. त्या महिनाभरात वरचे नळ मुद्दाम चालू राहिले, टाकी रोज रिकामी झाली, बेसिन फुटलं. मी फोटो काढून ठेवले.

मुदत संपली तेव्हा पाऊस लागला होता. साहेब आईला घेऊन खाली आले. म्हातारीचे पाय लटपटत होते. "हिला घेऊन अशा पावसात कुठं जाऊ?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. मी खुर्ची पुढे केली. म्हातारी बसली नाही. मुलाचा खांदा धरून थरथरत उभी राहिली. ती माझ्याकडे राहायला जागा मागत होती, आणि माझ्या खुर्चीला तिला शिवायचं नव्हतं.

माझ्या मनात जी काय दया होती, ती तिथे संपली.

"साहेब, टेम्पो बोलवा," मी म्हटलं.

ताडपत्री बांधून सामान गेलं. म्हातारीला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी ओट्यावरून पाहिलं. मला वाईट वाटलं नाही.

आता फाटकावर पाटी आहे. आडनाव लांबून वाचता येईल एवढं. घर पाहायला जो येईल त्याला आधी माझ्या बैठकीत बसवते, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आणि पाण्याचा ग्लास देते. परवा एक मास्तर बायकोसह आले. ग्लासाकडे पाहून म्हणाले, "आत्ताच पिऊन निघालो."

"मग या," मी म्हटलं. वरची किल्ली काढलीच नाही.

दलाल आता कुणाला पाठवत नाही. मजला रिकामा आहे. कर्जाचा हप्ता पगारातून जातो, ओढाताण होते. नवरा कुरकुरतो. पाण्याची अट करारात घालता येते का, मी वकिलाला विचारलं. तो हसला, म्हणाला, बाई, असं कुठं लिहितात का. ठीक आहे. मी ती तोंडाने सांगते, दारातच सांगते. माझ्या हातचं पाणी ज्याच्या घशाखाली उतरत नाही, तो माझ्या छताखाली झोपणार नाही.