चार वर्षं टिकणारी सेवा

माझं इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीला, ट्रॉफ्या, मेडलं आणि शील्डांचं दुकान आहे. नाव कोरायचं मशीन चालू असेपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, आणि उभं गिऱ्हाईक बोलतं! त्यात ते मराठी असलं आणि त्याचं पोर आठवी-नववीत असलं, तर विचारूच नका. मेडलं विकली जातात, किस्से मात्र माझ्याकडेच साठून राहतात.

सगळ्यांना घोर एकच. परदेशातल्या कॉलेजांना म्हणे नुसते मार्क चालत नाहीत. आठवीपासून एकच छंद, एकच समाजसेवा धरायची आणि चार वर्षं सोडायची नाही! आमच्या मुक्ताच्या शाळेतून दरवर्षी अशा एकाच मुलाचं नाव स्कॉलरशिपसाठी पाठवतात. यंदा ते मुक्ताचं जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि मध्ये उभे होते जोशी!

जोशी सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्यांचा अर्णव मुक्ताच्याच वर्गात. तो आठवीत होता तेव्हाच त्यांनी पोराचा बारावीपर्यंतचा प्लॅन मला मोबाइलवर दाखवला, रंगीत रेघांसकट. इथे बुद्धिबळ, इथे तलावसफाई, शेवटी ‘लीडरशिप’.

मी म्हटलं, "आणि पोरगं जेवणार कधी?"

"डाएटची शीट वेगळी आहे!"

मी हसलो. पण आत जळलं. मी दहावी शिकलेला माणूस. दुकानसुद्धा दिवस उगवेल तसं चालवत आलो, पोरीचा प्लॅन कुठून करणार?

*

पुढे एकदा जोशी पितळी पाटी करायला आले. ‘अर्णव जोशी, संस्थापक’.

"कशाचा संस्थापक?" मी विचारलं.

"ते अजून फायनल व्हायचंय. तुम्ही खाली जागा सोडा ना!"

सोडली. पाटी इतकी सुरेख उतरली की माझ्याच पोटात दुखायला लागलं. घरी गेलो आणि सरळ मुक्ताला धरलं, "तू कशाची संस्थापक आहेस गं?"

"बाबा, वरण उतू जातंय," ती म्हणाली.

*

तलावसफाईचा रविवार तर मी डोळ्यांनी पाहिला. बॅनरच्या चौकटी द्यायला गेलो होतो. झालं काय, जोशांची टोळी आली त्याच सकाळी दुसऱ्या एका शाळेचीही आली. काठावरचा कचरा बघता बघता संपला! मग सुरू झाली आईबापांची भांडणं.

"ओ, तो कोपरा आमचा आहे!"

"तुमच्या पोराच्या हातात दोन पिशव्या, आमचा काय नुसता उभा राहणार?"

अर्णवचा फोटो राहिलाच होता. जोशांनी इकडेतिकडे पाहिलं, एक भरलेली पिशवी उचलली आणि शांतपणे काठावर ओतली. "हं अर्णव, आता वेच. इकडे बघून!"

काय सांगू, फोटो अप्रतिम आला. त्याला फ्रेमही मीच केली.

*

सावंत वहिनी इथल्याच आवडी नावाच्या भागातल्या. यजमान डिफेन्स फॅक्टरीत, राहायला क्वार्टर. त्यांच्या तन्वीनं वॉचमनच्या लेकीला गणित शिकवायला घेतलं. ती पोर इतकी तल्लख, की सहा महिन्यांत वर्षभराचं पुस्तक संपवून पुढचं मागायला लागली. वहिनी माझ्याकडे आल्या त्या घाम पुसतच.

"भावजी, तन्वीला कालच बजावलंय. म्हटलं, जरा हळू शिकव गं तिला, चार वर्षं पुरायला हवी!"

*

आणि आमची मुक्ता? दर शनिवारी दुपारी गायब! एकदा वैतागून बायकोला विचारलं, "ही जाते कुठे?"

"मागच्या गल्लीत, रुक्मा अक्कांकडे. आठवीपासून जाते. तुम्हाला आज कळतंय?"

रुक्मा अक्का तंजावरकडच्या मराठी, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात. मी टुणकन उठलो! एकट्या आजीची सोबत, चार वर्षं, एक शनिवार न चुकता! जोशी, आता बघा! तडक शाळेच्या सेल्वी मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण मला स्वतः आजींशी बोलावं लागेल. मग नाव ठरवते."

शनिवारी फोन घेऊन अक्कांकडे गेलो. दोघी पल्लांगुळी खेळत होत्या. लाकडी पटाच्या खळग्यांतून चिंचोके वाटत जायचा इकडचा खेळ. मुक्ताच्या गालात मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, आणि तोंडाचा पट्टा चालू. मला घरी ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही मिळत नाही हो! जोशांवर जळून जळून वाटायचं, आत आता जागा उरली नसेल. होती!

मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडमनी तमिळमध्ये विचारलं, "आजी, ही मुलगी चार वर्षं तुमची सेवा करते ना?"

"सेवा? ही?" अक्काही तमिळमध्येच कडाडल्या. "सेवा मी करते हिची! हरली की तोंड पाडून बसायची, म्हणून दर शनिवारी मुद्दाम हरते. सर्टिफिकेट द्यायचं तर मला दे!"

मी डोळे मिटले. समोर स्टेजवर अर्णव दिसला.

"अय्यो अक्का!" मुक्ताही तमिळमध्येच उसळली. "मुद्दाम हरत होते ती मी! तुम्ही एकट्या असता, तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"तू? अगं, माझे चिंचोके मी गुपचूप तुझ्या खळग्यात सारत होते!"

"दिसत होतं मला! म्हणून तर मी ते परत तुमच्याकडे सारत होते!"

"खोटारडी!"

"तुम्ही खोटारड्या!"

झालं! मी घाईघाईनं फोनकडे हात नेला. "मॅडम, इथे जरा नेटवर्कचा प्रॉब्लेम..."

"सर, फोन ठेवू नका!" मॅडम ओरडल्या. "आधी सांगा, जिंकत कोण होतं?"