येडी म्हटलेलं परवडलं

माझा मुलगा पुसदला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने ठरवून टाकलं की आईचं डोकं चालेनासं झालं आहे. बोरी अरबजवळच्या आमच्या गावातलं घर बंद करायचं आणि मला कायमचं पुसदला न्यायचं. त्याच्याकडे कारणं होती, ती मी नाकारत नाही. गॅस दोनदा चालू राहिला. त्याचा फोन आला तर मी त्यालाच विचारलं, कोण बोलतं म्हणून. मी घराबाहेर पडत नव्हते आणि उगीच रडत होते. मी रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हाही लोक काय म्हणतील म्हणून थोडं रडून घेतलं होतं, तेवढंच.

खरं कारण मला माहीत होतं आणि ते डोक्यात नव्हतं. मला लघवी आवरत नव्हती.

ते सुरू झालं विहारात. आमच्याकडे पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बाया जमतात आणि ग्रंथ वाचला जातो. मी चौथीपर्यंतच शिकले, पण मोठ्याने वाचते आणि अडखळत नाही, म्हणून वाचन माझ्याकडे. विहारात आम्ही पांढरं लुगडं नेसतो. वाचता वाचता खोकल्याची ढास लागली आणि खाली ओलं झाल्यासारखं वाटलं. पांढऱ्यावर ओल लपत नाही. बाया निघून जाईपर्यंत मी ग्रंथ उघडा ठेवून बसून राहिले, कोणीतरी म्हणालं, आज फार मन लागलं हिचं. दुसऱ्या दिवशी घसा धरल्याचं सांगितलं. त्यानंतर मी वाचायला गेलेच नाही.

मग एकेक सुटत गेलं. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून मी दारव्ह्याच्या बाजाराला नेमाने जायची, काही घ्यायचं नसलं तरी. ते बंद केलं. लग्नात जाणं बंद, मयतीला जाणंही बंद. गंमत अशी की भीतीनेच ते जास्त वाढलं. बाहेरून आले आणि कुलपात किल्ली घातली की लघवीची कळ यायचीच. एसटी वळणावर दिसली की यायची. एसटी नसली तरी यायची. कळ आली की भीती, आणि भीती वाटली की कळ. त्यात आधी कोण आणि मागून कोण, हे मला आजही सांगता येत नाही.

यावर मी माझं शहाणपण चालवलं आणि पाणी तोडलं. आत गेलंच नाही तर बाहेर काय येईल, असा हिशेब. आमच्याकडच्या वैशाखात गुरंसुद्धा दिवसभर पाण्याकडे तोंड करून उभी असतात, आणि मी मडक्यावर झाकण ठेवून बसले. लघवीला आग होऊ लागली, ताप येऊन जायचा, तोंड कोरडं पडायचं. मग डोकंही भरकटलं. गॅस चालू राहिला तो याच दिवसांत.

मुलाने पहिल्यांदा विचारलं, "माय, तुले विसरल्यासारखं होते का आजकाल?" तेव्हा मी हो म्हटलं. मला ते सोयीचं वाटलं. येड्या बाईला कोणी विचारत नाही की विहारात काहून येत नाहीस. म्हातारपणी डोकं फिरलं तर लोक हळहळतात. लुगडं ओलं झालं तर नाक धरतात. मला येडी म्हटलेलं परवडलं. पण रोज कोणी मोठ्याने, सावकाश, लहान पोराशी बोलावं तसं बोलू लागलं की माणूस तसंच होत जातं. खरंच मला वार आठवेनासा झाला. सोंग म्हणून अंगावर घेतलं ते अंगावरच बसलं.

माझ्या घरापासून तिसरं घर माझ्या मैत्रिणीचं. ती मुसलमान आहे, लुगड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. आम्ही एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. मुलाने मला न्यायचा रविवार ठरवला हे तिच्या कानावर गेलं, आणि भर दुपारी ती माझ्या मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. तारेवर माझी दोन लुगडी होती.

"तुही लुगडी मागं कायले वाळतात व?" तिने विचारलं. "समोरची तार चोरानं नेली का?"

"मागं ऊन जास्त येते."

"मागं तर निंबाची सावली आहे." ती पायरीवर बसली. "थेंब थेंब जाते, का पुरंच?"

मी म्हटलं, "काय?"

"तेच. मले कितीक सालांपासून आहे."

"तुले?"

"मी काय पत्थरची आहे? पाच लेकरं झाली मले. तुले दोनच झाली तं तुही ही हालत."

मी विचारलं, "कोणाले सांगितलं तू?"

"सांगाच लागलं. पाच टाइम नमाज पढाची. थेंब गेला की वुजू तुटते. घडी घडी हातपाय धुवत बसू का? पोरींले कुरान शिकवते त्या आपाले विचारलं म्या. आपा म्हणे, ही बिमारी आहे, गुनाह नाही. दर नमाजीच्या टाइमले नवी वुजू कर अन् पढ. अन् डॉक्टरले दाखव, म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू तं येडी झाली होती ना," ती म्हणाली. "येडीले काय सांगू?"

मी किती दिवसांनी हसले, आणि हसताना जे व्हायचं ते झालंच. तिला कळलं. तिने तारेवरचं लुगडं काढून माझ्याकडे फेकलं.

त्या रात्री मी विचार केला. तिला दिवसातून पाच वेळा अंग स्वच्छ आहे का हे बघावं लागतं, म्हणून तिला बोलावं लागलं. आमच्याकडे शरीराबद्दल कमी सांगितलेलं नाही. शरीर जीर्ण होतं, रोग लागतो, दुःख आहे, हे सगळं मीच विहारात मोठ्याने वाचलेलं. फक्त त्यात माझं लुगडं येतं हे मला सुचलं नव्हतं.

ती मला दारव्ह्याला बाईडॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती, पण तिने ऐकून घेतलं. लघवीत जंतू झाले होते. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला असा संसर्ग झाला की बुद्धीही गोंधळते, आणि पाणी तोडल्याने सगळंच बिघडलं. गोळ्या दिल्या. पाणी प्यायला सांगितलं, लागायची वाट न बघता ठराविक वेळाने जाऊन यायला सांगितलं, आणि आतून आवळून धरायचा एक व्यायाम दाखवला. तो कुठेही बसून करता येतो, कोणाला दिसत नाही. आठवड्यात ताप गेला, डोकं निवळलं. गळणं कमी झालं, गेलं नाही.

रविवारी मुलगा आणि सून गाडी घेऊन आले. मुलाने आधी जाऊन गॅसचं बटण बघितलं, मग म्हणाला, "चल माय, सामान बांध."

मी म्हटलं, "बस जरा. मले लघवी आवरत नाही. मागच्या वर्षावासापासून. डोकं जागेवर आहे."

तो दाराकडे बघू लागला. "हे मले कायले सांगतं? हिले सांग."

"तुलेच सांगून राह्यली. मले न्यायचं तू ठरवलं, तिनं नाही."

"मंग आधी सांगायचं ना."

"तू दुसरीत जाईपर्यंत गोधडी ओली करे. मी सांगितलं का गावाले?"

सुनेने तोंडाला पदर लावला. मी दारव्ह्याला गेल्याचं, गोळ्यांचं, पाण्याचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण हटला नाही. म्हणाला, "असं असलं तरी तिकडे बाथरूम घरात आहे. इथं तुले अंगण ओलांडून जा लागते."

हे खरं होतं.

मग म्हटलं, "बाथरूम आहे, पण तिथं मी दिवसभर त्या बाथरूमचीच वाट बघत बसीन. तुम्ही दोघं जाता कामाले. इथं कोणी ना कोणी दारात येते, भांडते, बोलते. म्या बोलणं सोडलं तेव्हाच माहं डोकं गेलं होतं, हे तू पाह्यलं ना?"

"अन् गॅस परत चालू राह्यला तर?"

"तर ये अन् घेऊन जाय. मी नाही म्हणणार नाही."

तो उठून मागच्या खोलीत गेला. मला वाटलं माझी पेटी आणायला गेला. डोकावले तर तो कोपऱ्यातली भिंत वितीने मोजत होता. "इथं भिंत फोडून दार केलं तर बाहेर संडास बसते," म्हणाला, माझ्याकडे न बघता. "दिवाळीपर्यंत पाहू."

मुलाने नातेवाइकांना सांगितलं की आईला युरिन इन्फेक्शन झालं होतं. त्या शब्दात ओलं लुगडं दिसत नाही, म्हणून त्याला तो बोलता येतो. मी हरकत घेतली नाही.

दार झालं, बाहेर संडासही बसला. दिवाळी येऊन गेली. नेण्याचा विषय त्याने काढला नाही. तो ते विसरला असेल असं मला वाटत नाही, आणि विसरूही नये. गॅसचं बटण मी झोपताना हाताने चाचपून बघते. पाणी भरपूर पिते. कधी शिंक आली की थेंब जातो, मग लुगडं बदलते आणि जिथे जायचं असेल तिथे जाते.