एकवीस दिवसांचं इंजेक्शन

जयराम पगारेइतका समजूतदार माणूस आमच्या सरकारी दवाखान्यात दुसरा आला नाही. त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला आजही संताप येतो.

सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपात तो लेथवर तोफगोळ्यांचे सुटे भाग बनवायचा. "केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो, सिस्टर," असं छाती फुगवून सांगायचा. देवळालीच्या तोफखान्याकडून सरावाचे धमाके ऐकू आले की लेकीला म्हणायचा, "ऐक, तुझ्या बापाचं काम!"

लेक पायल, अकरा वर्षांची. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, बस्स, तेवढ्यावर पोरगी शाळेत जात होती. रिअॅक्शनच्या भीतीनं खाजगी डॉक्टर हात लावत नसत. ते मीच द्यायचे.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये साठा संपला. मी मागणीपत्रं पाठवून थकले. वरून उत्तर एकच, निधी नाही. का नाही, ते कोण सांगणार? जयराम पोरीचं कार्ड घेऊन समोर उभा राहिला तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. माझं डोकं फिरलेलं. बोलून गेले, "अहो जयरामभाऊ, कारगिलला लढाई चाललीय. सगळा पैसा तिकडं. आम्हाला कोण विचारतंय?"

दुसरा कोणी असता तर टेबल आपटून भांडला असता. मग मीही हातापाया पडून दुसऱ्या दवाखान्यातून एखादी बाटली आणली असती. खरंच आणली असती हो! पण हा बाबा म्हणाला, "बरोबर आहे सिस्टर. तिथं पोरं जीव देतायत. आम्ही थांबू."

असा तो तीनदा थांबला. तिसऱ्यांदा तर त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघून पोरीला घेऊन गेला.

जुलैअखेर लढाई संपली, चौकात पेढे वाटले. ऑगस्टमध्ये पायलचे गुडघे सुजले, ताप चढला, धाप लागली. आठवड्याभरात पोरगी गेली.

सप्टेंबरात इंजेक्शनचं खोकं आलं. ते मी फोडत होते तेव्हाच जयराम दारात आला.

"कार्ड जमा करायला आलो, सिस्टर." त्यानं खोक्याकडे पाहिलं. "लढाई संपली, आता येतंय ना? दुसऱ्या पोरांना वेळेवर द्या." मग कार्ड टेबलावर ठेवत म्हणाला, "आमच्या पायलचं इंजेक्शन तिकडं सैनिकांच्या कामी आलं असेल."

लढाईचं कारण मी माझ्या मनानं ठोकून दिलं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि "हो," म्हणाले.