तेलुगूत वाच, मराठीत सांग

आम्ही आंध्रात होतो तेव्हाची गोष्ट. आदिलाबाद आता तेलंगणात आहे; तिथल्या बाजारात एक बाई सीताफळं विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी बसून तिची लहान पोरगी शाळेचं तेलुगू पुस्तक मोठ्यानं वाचायची. बाईला वाचता येत नव्हतं, तेलुगू तर कळतही नव्हतं. पान संपलं की ती पुस्तकावर हात ठेवायची.

"आता मराठीत सांग. कोल्हा काऊन पळाला?"

पोरगी सांगेपर्यंत तराजू हातात तसाच लटकलेला. मी कुरकुरलो तर बाई म्हणाली, "थांबा ना बाबा, कोल्हा अडकून राह्यला!"

माझी नातही शाळेत तेलुगू घडाघडा वाचायची, पण मास्तर म्हणाले, तिला कळत काहीच नाही, याच वर्गात ठेवतो. मी ते बाईला सांगितलं. म्हटलं, मी मराठी चौथी शिकलेला, तेलुगू येत नाही, काय शिकवू?

"तुमाले येत नाही तेच बरं हाये. ज्याले येते त्याले कोणी समजावून सांगते का?"

घरी येऊन मी नातीला पुस्तकातली गोष्ट मराठीत विचारली. अडखळत का होईना, तिनं सगळी सांगितली. मग म्हणाली, "आजी गेल्यापासून कोणी विचारलंच नाही."

बायको रोज विचारायची. मी तिला अडाणी म्हणून हसायचो.